खेळ जिंकायला व्याकरण लागलं का?

इंग्रजीचं व्याकरण वर्गात गमतीने शिकवावं की शिस्तीने, हा विषय शिक्षकांच्या बैठकीत निघाला की पाच मिनिटांत दोन तट पडतात. एका तटाचं म्हणणं असं, की मुलं हसत-खेळत असली की आपोआप शिकतात. नियमांची भीती घातली की तोंडं बंद होतात. दुसऱ्या तटाचं म्हणणं असं, की आम्ही नियम पाठ केले, शंभर वाक्यं घोटली, म्हणून आमचं इंग्रजी पक्कं झालं. खेळ हे तास घालवण्याचं साधन आहे. दोन्हीकडची माणसं तळमळीची असतात. पण वाद असा मांडला की तो शिक्षकाच्या स्वभावाचा होऊन बसतो. प्रेमळ कोण आणि कडक कोण, जुना कोण आणि नवा कोण, यावर तासभर बोलणं होतं. मुलाच्या डोक्यात ‘डझ’ आणि ‘डिड’ची जागा कशी पक्की होते, हा मूळ प्रश्न तसाच राहतो.

माझं मत आधीच सांगते. व्याकरणाचे खेळ हवेत, वर्षभर हवेत, मोठ्या मुलांनाही हवेत. मात्र खेळ चांगला की वाईट हे मुलांच्या हसण्यावरून ठरवू नये. त्याची कसोटी एकच: जे व्याकरण शिकवायचं आहे ते न वापरता हा खेळ जिंकता येतो का? येत असेल तर तो खेळ कितीही रंगला तरी व्याकरणाचा नव्हे. आणि ते वापरल्याशिवाय खेळ पुढेच सरकत नसेल, तर तो खेळ हाच व्याकरणाचा धडा आहे.

ही कसोटी मला पुस्तकातून मिळाली नाही. भूतकाळाची रूपं पक्की व्हावीत म्हणून मी एका वर्गात बिंगो घेतला होता. मी ‘गो’ म्हणायचं, मुलांनी आपल्या कागदावरचं ‘वेन्ट’ खोडायचं. मी ‘ईट’ म्हटलं की ‘एट’. वर्ग दणाणून गेला. दुसऱ्या दिवशी सुट्टीबद्दल पाच वाक्यं लिहायला सांगितली, तर अर्ध्या वह्यांत एकच चूक: ‘आय डिड नॉट वेन्ट’. मला त्या मुलांचा राग आला नाही, कारण चूक माझी होती. बिंगोने त्यांना ‘वेन्ट’ हा शब्द आठवायला लावला होता. नकारार्थी वाक्यात त्याचं काय होतं, हे त्या खेळाने एकदाही विचारलं नव्हतं. जे विचारलं नाही ते मुलं शिकणार कुठून?

याउलट वीस प्रश्नांचा जुना खेळ घ्या. एकाने मनात एखादी वस्तू धरायची, बाकीच्यांनी हो किंवा नाही असं उत्तर येईल असे वीस प्रश्न विचारून ती ओळखायची. ‘इज इट बिगर दॅन अ चेअर?’ ‘कॅन इट फ्लाय?’ ‘डझ इट हॅव लेग्ज?’ इथे प्रश्नार्थक रचना हेच खेळाचं हत्यार आहे. फक्त एक नियम आधी ठरवावा लागतो, की प्रश्न नीट घडला तरच उत्तर द्यायचं. नाहीतर मुलं ‘इट बिग?’ एवढं सूर चढवून विचारतात, समोरच्यालाही ते कळतं आणि व्याकरण पुन्हा दाराबाहेर राहतं. किंवा बदललेल्या खोलीचा खेळ घ्या. दोघा-तिघांनी बाहेर जायचं, बाकीच्यांनी वर्गात पाच बदल करायचे, बाहेरच्यांनी आत येऊन ते ओळखायचे. ‘द चेअर हॅज बीन मूव्ह्ड.’ ‘द विंडो हॅज बीन ओपन्ड.’ खुर्ची कोणी हलवली हे त्यांना माहीत नाही, माहीत असण्याची गरजही नाही. पॅसिव्ह व्हॉइस भाषेत का असतो, हे त्या मुलांना त्या क्षणी कळतं. ‘चेंज द व्हॉइस’ म्हणून वहीत सोडवलेल्या पन्नास वाक्यांतून ते कळत नाही. तिथे कर्ता आणि कर्म यांची जागा बदलायची कसरत तेवढी येते.

खेळ म्हणजे अलीकडचं खूळ, असं मानणाऱ्यांना इतिहासाची साथ नाही. सतराव्या शतकाच्या मध्याला कोमेनियस हा शिक्षणतज्ज्ञ हंगेरीतल्या शारोश्पाटाक इथे शिकवत होता. लॅटिनची पाठ्यपुस्तकं त्याने स्वतःच लिहिलेली होती. त्यांतल्या मजकुराची त्याने नाटकं केली आणि ती विद्यार्थ्यांकडून रंगमंचावर करवून घेतली. त्या नाट्यसंग्रहाचं नावच ‘शाळा म्हणजे खेळ’ अशा अर्थाचं आहे. आणि ज्या पद्धतीला आपण ‘परंपरागत’ म्हणतो तिचा उगम तरी कुठे आहे? नियम सांगा, अपवाद सांगा, वाक्यं भाषांतरित करा ही रीत लॅटिन आणि ग्रीक शिकवण्यासाठी रुळली. लॅटिन कोणाच्या घरात बोललं जात नव्हतं. ते वाचायचं होतं, त्याचा अन्वय लावायचा होता. त्या कामाला ती रीत योग्यच होती. पुढे तीच रीत जिवंत भाषांना लावली गेली आणि मग युरोपातच तक्रार सुरू झाली. जर्मनीत विल्हेल्म फिएटोर याने १८८२ साली एक पुस्तिका काढली आणि भाषाशिक्षणाने आता वळण बदललंच पाहिजे असं बजावलं. म्हणजे घोकंपट्टीवरचा आक्षेप सव्वाशे वर्षांहून जुना आहे. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ या वाक्याने तो मोडत नाही.

पण खेळवाल्यांचाही एक लाडका पुरावा आहे, आणि तो ते चुकीच्या जागी वापरतात. १९६३ साली अमेरिकेत ब्रॅडॉक आणि त्याच्या सहकाऱ्यांचा लेखन-अध्यापनावरचा अहवाल आला. औपचारिक व्याकरण शिकवल्याने मुलांचं लेखन सुधारत नाही, उलट लेखनाच्या सरावाचा वेळ खाल्ला जाऊन नुकसान होण्याचाच संभव, असा त्याचा निष्कर्ष होता. तो बऱ्याचदा पुढे केला जातो. पण ती मुलं कोण होती? ज्यांच्या घरात इंग्रजीच बोललं जातं, ती. त्यांना ‘शी गोज’ म्हणायला शिकवावं लागत नव्हतं. शाळेत येण्याआधीच ते त्यांच्या कानात बसलेलं होतं. १९५८ साली जीन बर्को या संशोधिकेने लहान इंग्रजीभाषक मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून सांगितलं, हा ‘वग’. मग दोन प्राणी दाखवून वाक्य अर्धवट सोडलं. कधीही न ऐकलेल्या त्या शब्दाला मुलांनी अनेकवचनाचा प्रत्यय बरोबर लावला. नियम त्यांच्या आत होता, नाव ठाऊक नव्हतं एवढंच. आठवड्यातून काही तासच इंग्रजी कानांवर पडणाऱ्या मुलाला हा न्याय लावणं म्हणजे नदीकाठच्या माणसाचा हिशोब वाळवंटातल्या माणसाला लावणं.

नियमवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा मात्र ते स्वतः क्वचितच मांडतात, म्हणून मीच मांडते. कॅनडात माँट्रिअलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५ साली एक प्रयोग सुरू झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना बालवर्गापासून सुरुवातीचं सगळं शिक्षण फ्रेंचमधून द्यायचं. पुढे ही पद्धत देशभर पसरली. मुलांची फ्रेंच समजण्याची ताकद थक्क करणारी होती. पण वर्षानुवर्षं त्या वातावरणात राहूनही बोलताना-लिहिताना नामांची लिंगं चुकायची, क्रियापदांचे प्रत्यय चुकायचे. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचं एक कारण पुढे ठेवलं. भाषा समजून घ्यायला तिचं व्याकरण पुरतं लागत नाही. शब्दांवरून, संदर्भावरून अर्थ लागतो. स्वतः बोलायची, लिहायची वेळ येते तेव्हाच माणसाला रचनेकडे बघावं लागतं. पुढे २००० साली नॉरिस आणि ओर्तेगा यांनी एकोणपन्नास अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले, तेव्हा नियमाकडे उघडपणे लक्ष वेधणारं अध्यापन सरस ठरलं. त्या अभ्यासांतल्या चाचण्या बऱ्याचदा नियमांच्या ज्ञानाला झुकतं माप देणाऱ्या होत्या, हेही खरं. तरी ‘मुलं आनंदात राहिली की व्याकरण आपोआप येतं’ हा दावा या पुराव्यापुढे टिकत नाही. मला तो सोडावा लागला आणि सोडताना वाईटही वाटलं, कारण तो फार लोभस आहे.

नियम कशासाठी असतो, हे पतंजलीने महाभाष्याच्या, म्हणजे संस्कृत व्याकरणावरच्या आपल्या ग्रंथाच्या, आरंभीच सांगून ठेवलं आहे. बृहस्पतीने इंद्राला एकेक शब्द उच्चारून भाषा शिकवायला घेतली. हजार दिव्य वर्षं शिकवलं, तरी शब्द संपले नाहीत. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य, आणि एवढं आयुष्य! मग शंभर वर्षं जगणाऱ्या माणसाने काय करावं? पतंजलीचं उत्तर: सामान्य नियम आणि त्याचे अपवाद शिकावेत, म्हणजे थोड्या श्रमात शब्दांचा मोठा साठा हाती येतो. नियम हा श्रम वाचवण्यासाठी आहे. जो खेळ संपल्यावर नियमाचं नावही घेत नाही, तो मुलांना बृहस्पतीच्या वर्गात बसवतो. पण त्याच ग्रंथात पुढे पतंजली असंही म्हणतो, की मडकं हवं असलेला माणूस कुंभाराकडे जाऊन ‘मडकं घडव’ म्हणतो. बोलायचं असलेला माणूस मात्र वैयाकरणाच्या घरी जाऊन ‘मला शब्द घडवून दे’ असं म्हणत नाही. शब्द आधी व्यवहारात असतात, व्याकरण नंतर येतं. आपले दोन्ही तट यातलं एकेक वाक्य उचलून भांडत आहेत.

ही दोन वाक्यं एकत्र कशी नांदतात, ते कथासरित्सागरातल्या सातवाहन राजाच्या गोष्टीत दिसतं. राजा राण्यांबरोबर जलक्रीडा करत होता. पाण्याच्या माऱ्याने दमलेली राणी संस्कृतात म्हणाली, ‘मोदकैः’ मला मारा. तिला म्हणायचं होतं ‘मा उदकैः’, म्हणजे पाण्याने मारू नका. राजाला संधी सोडवता आला नाही. त्याने मोदक मागवले. राणी हसली आणि राजाला लाज इतकी लागली की त्याने अंथरूण धरलं. त्याचा एक मंत्री गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवीन. दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत. त्याने शिकवलंही, आणि त्या परंपरेत कातंत्र हे सुटसुटीत व्याकरण उभं राहिलं. या गोष्टीतल्या पैजेबद्दल सगळे बोलतात. माझं लक्ष तिच्या क्रमावर जातं. आधी खेळ झाला. खेळात एक अर्थ निसटला. निसटल्याचं राजाला लागलं, म्हणून त्याला नियम हवासा वाटला, आणि मग शिकवणं झपाट्याने झालं. आपण वर्गात नियम पहिल्या दिवशी फळ्यावर लिहितो आणि गरज पुढच्या वर्षीपर्यंत दाखवत नाही. किंवा खेळ खेळतो आणि अर्थ निसटला तरी कोणाला थांबवत नाही, मुलांचा विरस होईल म्हणून.

आता अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत. वर्गात पन्नास मुलं असतात, तास पस्तीस मिनिटांचा असतो, गोंगाट शेजारच्या वर्गात जातो. हे म्हणणाऱ्या शिक्षकाला आळशी ठरवणाऱ्यांनी तो तास स्वतः घेऊन बघावा. पण हिशोबही करावा. पस्तीस मिनिटांत शिक्षकाने चकार शब्द काढला नाही आणि मुलं एकामागून एक बोलली, तरी प्रत्येकाच्या वाट्याला बेचाळीस सेकंद येतात. तीच मुलं पाच मिनिटं जोडीने बोलली तर प्रत्येकाला अडीच मिनिटं मिळतात. शिवाय विचाराला लावणारा वर्ग गोंगाटाचाच असतो असं कुठे आहे? एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत जो प्रयोग केला, त्यात आगगाडीची वेळापत्रकं होती, नकाशे होते, तर्काची कोडी होती. मुलांनी इंग्रजीतून डोकं चालवून उत्तर काढायचं. त्यांनी गटकामावर भर दिला नाही, तो जाणीवपूर्वक टाळला. मुलं एकमेकांच्या चुका पक्क्या करतील अशी त्यांना शंका होती. प्रभूंनी व्याकरणाचा क्रमच अभ्यासक्रमातून काढून टाकला, तिथे मी त्यांच्याबरोबर नाही. पण गुंतलेलं मन आणि शांत वर्ग एकत्र असू शकतात, हे त्या तासांनी दाखवलं.

गमतीच्या नावाखाली खपणाऱ्या काही खेळांवर मात्र माझा खरा राग आहे. चुकला की बाद, हा त्यातला पहिला. ज्या मुलाला सरावाची सगळ्यात जास्त गरज आहे तेच पहिल्या फेरीत खाली बसतं आणि उरलेला तास हुशार मुलांची जुगलबंदी बघतं. याला शिकवणं कसं म्हणायचं? दुसरा, ‘असा कोण आहे शोधा’ हा खेळ. कल्पना छान आहे. वर्गभर फिरून ‘हॅव यू एव्हर सीन अ स्नेक?’ असं विचारत हो म्हणणारा गाठायचा आणि त्याची सही घ्यायची. प्रत्यक्षात काय होतं ते बघा: मूल कागद पुढे करतं, बोटाने ओळ दाखवतं, मित्र सही करतो. दोघांच्या तोंडून इंग्रजीचा एक शब्द बाहेर पडत नाही. कागद सगळ्यांआधी भरतो आणि बक्षीसही मिळतं. मी आता कागदावर पूर्ण प्रश्न देत नाही, ‘सी, स्नेक’ एवढंच देते. शेवटी प्रत्येकाने दोघांबद्दल वर्गाला सांगायचं असतं: ‘शी हॅज नेव्हर सीन अ स्नेक.’ एवढ्या बदलाने खेळाचा कणा बदलतो.

परीक्षेचा मुद्दा मी झटकणार नाही. परीक्षेत रिकाम्या जागा असतात, सूचनेप्रमाणे वाक्य बदलायचं असतं, आणि त्या गुणांवर मुलांची पुढची वाट ठरते. ज्याला खेळातून बोलता येतं पण कागदावर लिहिता येत नाही, त्याच्याशी आपण न्यायाने वागलो असं होत नाही. म्हणून प्रत्येक खेळानंतर दहा मिनिटं वही हवीच. अनियमित क्रियापदांची यादी पाठच करावी लागते. तिथे दुसरा रस्ता नाही आणि त्याची खंतही नको.

मात्र पाठांतराने न सुटणाऱ्या गाठी असतात, आणि त्या बहुधा आपल्या भाषेच्या बाजूने पडलेल्या असतात. ‘मी हा प्राणी मागच्या वर्षी पाहिला आहे’ हे मराठीत सहज चालतं. म्हणून मूल ‘आय हॅव सीन इट लास्ट इयर’ म्हणतं आणि आपल्याला ते निष्काळजी वाटतं. ते निष्काळजी नसतं, ते मराठीशी प्रामाणिक असतं. आर्टिकलचंही तसंच. मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपण हात टेकतो. पण ‘एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या’ यातलं ‘एक’ आणि ‘त्या’ काय करतात? पहिल्यांदा भेटलेला राजा आणि ओळखीचा झालेला राजा वेगळे ठेवतात. एकाने कार्डावरचं चित्र न दाखवता वर्णन करायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं, असा खेळ घेतला की हे उघड होतं. ‘देअर इज अ हाउस. द हाउस हॅज अ डोअर.’ दुसऱ्या वाक्यात ‘अ हाउस’ म्हटलं की ऐकणारं मूल कागदावर दुसरं घर काढतं. चूक चित्रात दिसते. लाल शाईची गरज उरत नाही.

बिंगोवाल्या त्या वर्गातच मी पुढे चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. एकेका मुलाच्या हातात एकेक शब्द, सगळ्यांनी रांगेत उभं राहायचं. ‘शी इज स्लीपिंग’चा प्रश्न करा म्हटलं, तर ‘इज’ धरलेला मुलगा एक पाऊल पुढे येऊन ‘शी’च्या अलीकडे उभा राहिला. ‘शी कॅन स्विम’चंही तसंच झालं. मग मी ‘शी स्लीप्स’ दिलं; ‘स्लीप’ एकाच्या हातात आणि ‘एस’ त्याला खेटून उभ्या असलेल्या एका मुलीच्या हातात. आता पुढे कोण जाणार? ‘स्लीप’ जाऊ लागला, त्याला थांबवलं. इंग्रजीत मुख्य क्रियापद असं पुढे जात नाही. दाराशी ‘डू’ची चिठ्ठी घेऊन एक जण ताटकळत उभा होता, त्याला आत बोलावलं. तो ‘शी’च्या अलीकडे उभा राहिला. वर्ग पुटपुटला, ‘डू शी स्लीप्स?’ कोणालाच ते बरं वाटेना. तेवढ्यात ‘एस’वाली मुलगी ‘स्लीप’ला सोडून धावत गेली आणि ‘डू’ला चिकटली. मध्ये एक ‘ई’ लागतो हे मी फळ्यावर दाखवलं आणि नियम तिथेच, तीन ओळींत, लिहून दिला.

मुलं जागेवर बसत होती, तेव्हा ती मुलगी चिठ्ठी परत द्यायला आली आणि म्हणाली, “बाई, मग भूतकाळातला ‘ईडी’ पण असाच ‘डू’कडे पळतो का?” मी काही बोलले नाही. एका कोऱ्या कागदावर ‘ईडी’ लिहून तिच्या हातात दिलं आणि ‘शी वॉक्ड’ची मुलं उभी केली. ती पळाली, ‘डू’ला चिकटली, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “डिड!” ‘वॉक’ धरलेला मुलगा एकटाच उभा होता, त्याच्या शेजारी काही उरलं नव्हतं. खिडकीजवळच्या एका मुलाने वही उघडली, सुट्टीवरच्या वाक्यांचं जुनं पान शोधलं, ‘डिड नॉट’च्या पुढचं ‘वेन्ट’ खोडलं आणि वर ‘गो’ लिहिलं.